चतकोर लोखंड

यशोदाबाईच्या डोक्यात लोखंड बसलं तेव्हा बेबाबाईचं वाक्य अर्ध्यावरच होतं.

दोघी सख्ख्या जावा. रावेर तालुक्यातल्या पिंपळझिऱ्याला त्यांच्या केळीच्या बागा एकाच बांधाच्या दोन अंगांना, आणि दोन्ही बागांच्या टोकाला रेल्वेची लाइन. थोरली यशोदाबाई, नवऱ्यामागं एकटीनं शेती ओढणारी. धाकटी बेबाबाई, नवरा बन्सीलाल धडधाकट असूनही घरातलं आणि शेतातलं सगळं बोलणं स्वतःकडे ठेवणारी. भांडण शेवरीचं होतं. वाऱ्यानं केळी आडवी होऊ नये म्हणून बेबाबाईनं बांधावर शेवरीची झाडं लावली होती, आणि ती शेवरी आपल्या बागेतलं पाणी ओढते असं यशोदाबाईचं म्हणणं होतं. दरसाल मे महिन्यात हे भांडण नव्यानं फुटायचं. त्या दिवशी यशोदाबाई खरं तर घरी निघाली होती. बेबाबाईनंच तिला हाक मारून थांबवलं.

“अक्का, थांब! माह्यी शेवरी कोनी छाटली ते सांगून जाय.”

“मी छाटली. उद्या मुळातून काढते. काय करशीन?”

“तुह्या तोंडाले एक दिवस असं टाळं लागीन ना अक्का, का...”

पुढचं गाडीच्या आवाजात गेलं. लाल डब्यांची गाडी भरधाव येत होती, रोजचीच. पण आज तिच्या पोटाखालून कुणीतरी घण मारत असल्यासारखा आवाज येत होता. मग लाइनीवरची खडी उडाली, बांधावरची शेवरी मधोमध तुटली, आणि यशोदाबाई दमलेली बाई टेकते तशी खाली बसली. बसली आणि कलंडली. डाव्या कानाच्या वरून रक्त येत होतं. गाडी निघून गेली होती.

बेबाबाईनं पदर फाडून जावेच्या डोक्याला आवळला आणि बन्सीलालला अशी हाक मारली की पलीकडच्या मळ्यातली माणसंसुद्धा धावत आली. केळीचे घड वाहायच्या पिकअपमध्ये पानं अंथरून यशोदाबाईला निजवलं आणि जळगाव गाठलं. वाटभर बेबाबाई तिच्यावर ओरडत होती. “डोळे उघड अक्का. उघड म्हनते ना! माह्याशी भांडता भांडता निजते का वं?”

जळगावच्या डॉक्टरांनी कवटी उघडली, रक्ताची गाठ काढली. यशोदाबाई वाचली. डॉक्टर म्हणाले, लोखंडाचा जोर आधी त्या झाडावर गेला म्हणून वाचल्या. थेट बसतं तर दवाखान्यात आणायची वेळच आली नसती. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळत होतं. फक्त शब्द सापडत नव्हता. ओठ हलायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि मग ती भिंतीकडे तोंड फिरवायची. साऱ्या गावाला पुरून उरणारी बाई, आणि भिंतीकडे तोंड.

पलीकडच्या मळ्यात भांडण ऐकू गेलं होतं, आणि बातमी गावात पोचली ती वेगळ्याच रूपात. बेबाबाईनं जावेच्या तोंडाला टाळं लागो म्हटलं आणि त्याच क्षणी लागलं. पिठाच्या गिरणीवर ताईबाई नावाच्या शेजारणीनं बेबाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, “काही बायांची जीभ काळी असते माय. आपन आपलं दूरच राहावं.”

बेबाबाईनं डबा खाली ठेवला. “ताईबाई, माह्यी जीभ काळी असती ना, तर तुह्यं घर कधीचंच बसलं असतं. रोज तुह्यं नाव घेते मी.” गिरणीवाला हसला. बेबाबाई हसली नाही. दळण तसंच टाकून ती तरातरा थेट शेतात गेली.

रेल्वेची माणसं लाइनीच्या कडेनं आदल्या दिवशी काहीतरी शोधून गेल्याचं तिला कळलं होतं. त्यांनी लाइनीलगत शोधलं होतं. बेबाबाईनं तुटलेल्या शेवरीपासून केळीच्या सऱ्यांमध्ये वाळलेली पानं उपसत शोधलं. ठिबकची नळी एका जागी चेपलेली दिसली. तिच्याखाली ओल्या मातीत ते रुतलं होतं.

जाड लोखंडाचा तुकडा. भाकरीचा चतकोर मोडावा तसा आकार. बाहेरची कड गोल, बाकीच्या कडा फुटलेल्या. अंगठ्यापेक्षा जाड, आणि एका हातानं उचलेना. बेबाबाईनं तो मातीसकट टोपल्यात घातला, घरी आणला, जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि कोठीत गव्हाखाली पुरला. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की आपल्या जिभेनं कुणाचं डोकं फुटत नाही, लोखंडानं फुटतं, आणि ते लोखंड आपल्या हाती आहे.

दोन दिवसांनी जीप आली. दोघं उतरले. त्या गाडीच्या डब्यांची देखभाल ज्या बाहेरच्या कंपनीकडे दिलेली होती, तिची ही माणसं. एकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, त्यानं तो शेवटपर्यंत काढला नाही. आधी त्यांनी यशोदाबाईची चौकशी केली, मग ओसरीवर बसून पाणी घेतलं.

“बाई, आमचा एक पार्ट तुमच्या शेतात पडलाय असं कळलं. ब्रेकच्या डिस्कचा तुकडा. आमची वस्तू आहे. तपासासाठी लागते.”

“तुमची वस्तू?” बेबाबाई म्हणाली.

“हो,” चष्मेवाला म्हणाला.

“मग अशी फेकत काहून हिंडता? आपली वस्तू आपल्यापाशी ठेवावी ना.”

“बाई, अपघात होता तो. त्यात कुणाची चूक नसते. यंदा ऊन किती आहे पाहताय ना तुम्ही. उन्हानं लोखंडालाही तडा जातो.”

बेबाबाई उठून उभी राहिली. “ऊन? मले ऊन सांगता? या उन्हात आम्ही घड कापतो, पाठीवर घेतो, गाडीत भरतो. माह्यी इळी, माह्यी कुदळ, माह्या सासऱ्याची पहार, सर्वी उन्हात पडेल असते. एकाले तडा गेला नही आजलोक. तुमचंच लोखंड काय साखरेचं हाये?”

चष्मेवाल्याचा सूर बदलला. रेल्वेची मालमत्ता दडवून ठेवणं हा गुन्हा आहे, पोलीस येतील, घराची झडती होईल. बन्सीलालचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, “अवं, देऊन टाक ना. आपल्याले काय करायचं त्याचं?”

“तुम्ही गप ऱ्हा,” ती नवऱ्याला म्हणाली, आणि जीपवाल्यांकडे वळली. “पोलीस आना. फौजदार आना. मी त्यांच्या हातात दीन, सर्व्या गावादेखत. तुमच्या हातात नही. आता पानी पेलं असीन तर उठा.”

ते गेले. बेबाबाईनं त्यांचे पेले अंगणात नेऊन राखेनं घासले.

यशोदाबाईची एकुलती लेक ज्योत्स्ना धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायची. सुट्टी टाकून ती आईपाशी बसली होती. बेबाबाई डबा घेऊन दवाखान्यात गेली की ज्योत्स्ना डबा घ्यायची, पण नजर द्यायची नाही. शेवटी बेबाबाईनंच वऱ्हांड्यात तिला गाठलं.

“तूबी तेच धरून बसली का वं पोरी? काळी जीभ? एवढी शिकेल तू.”

“मी काही तसलं मानत नाही, काकू.”

“मंग?”

ज्योत्स्नानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. “आई घरी निघाली होती. तू तिला थांबवलंस. त्या चार काटक्यांसाठी. तू हाक मारली नसतीस तर गाडी गेली तेव्हा ती विहिरीपाशी असती. हे तरी खरं आहे ना?”

बेबाबाई रिकामा डबा न घेताच जिना उतरली. एसटीत खिडकीशी बसून ती दात आवळून धुमसत राहिली. राग ज्योत्स्नाचा नव्हता. पोरगी खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, याचा होता.

दुसऱ्या आठवड्यात परीक्षा लागल्या म्हणून ज्योत्स्नाला धुळ्याला जावं लागलं. आईपाशी मावशी बसली. बेबाबाईनं कोठीतला तुकडा काढला, पिशवीत घातला, आणि कुणालाही न सांगता एसटी धरली. जळगावला गाडी बदलून धुळ्याच्या स्टँडवर उतरली तेव्हा पिशवीचे बंद तळहातात रुतून वळ उठले होते. रिक्षावाल्यानं पिशवी उचलून पाहिली आणि भुवया वर केल्या. “काय शे माय यामा? आख्खी रिक्षा वाकी जाई!”

“माह्या जावेचं भांडन हाये,” ती म्हणाली. “चाल.”

ज्योत्स्ना वर्गाबाहेर आली आणि काकूला पाहून थबकली. बेबाबाईनं पिशवी तिच्या पायाशी ठेवली. “हे त्ये. तुले यातलं कळते म्हनतात. पाह्य, आन् मले सांग का हे काहून तुटलं. खरं सांगजो. माह्या बाजूनं नको, तुह्या आईच्याबी बाजूनं नको.”

प्रयोगशाळेत ज्योत्स्नानं तुकडा टेबलावर ठेवला, ब्रशनं माती काढली, रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. मग दिवा जवळ ओढला आणि भिंग कडेकडेनं फिरवलं. बेबाबाई स्टुलावर बसली होती.

“काकू, इकडे ये. ही सपाट बाजू पाहा. निळी-जांभळी झाक दिसते?”

“दिसते. तवा लई तापला का अशी येते.”

“तेच. गाडीच्या चाकांच्या आसावर अशी गोल चकती असते. ब्रेक लावला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला आवळतात. एवढी मोठी गाडी थांबते, तर तिचा सगळा जोर या चकतीवर उष्णता होऊन उतरतो. वरचा भाग पाचशे-सहाशे अंशांवर जातो. आतलं लोखंड तेवढं तापत नाही. वरच्याला फुगायचं असतं, आतलं त्याला फुगू देत नाही. मग गार होताना वरचं आखडायला बघतं, तेव्हाही आतलं सोडत नाही. दर स्टेशनाला हेच. वर्षानुवर्षं. शेवटी वर बारीक चिरा पडतात. या बघ.”

बेबाबाईनं बोट फिरवलं. नखाला चिरा लागत होत्या.

“याला आम्ही थकवाच म्हणतो,” ज्योत्स्ना म्हणाली. “उष्णतेचा थकवा.”

“आन् ऊन?”

“उन्हाचे पंचेचाळीस अंश या लोखंडाच्या गावीही नसतात. बारीक चिरा चालतात, काकू. त्या सगळ्याच चकत्यांवर येतात. पण त्या एकमेकींना मिळून लांब झाल्या की चकती काढायची, असा नियम असतो. म्हणून तर प्रत्येक वेळी गाडीखाली जाऊन तपासतात.” तिनं तुकडा फिरवून फुटलेली कड वर केली. “आता हे बघ. इथं हा भाग चकचकीत आहे. तो त्या दिवशी फुटला. आणि हा काळपट, गंजलेला. हा आधीपासून उघडा होता. पाणी गेलंय आत, गंज चढलाय. किती महिने, ते असं सांगता येणार नाही. पण त्या दिवशीचा नाही, त्या आठवड्यातलाही नाही. अर्ध्याहून जास्त चीर आधीच गेलेली होती.”

“मंजे मी बोलले म्हनून नही.”

“नाही काकू.”

“आन् मी तिले उभी केली, ते?”

ज्योत्स्नानं हातावरचं रॉकेल फडक्याला पुसलं. “ते खरं आहे,” ती म्हणाली. “पण बांधावर उभं राहून भांडणं हा काही मरायच्या लायकीचा गुन्हा नाही. मी त्या दिवशी चुकीच्या माणसावर ओरडले.”

बेबाबाईनं मान हलवली. माफी तिला नको होती. ती तुकड्याकडेच पाहत होती. “आन् हे पिवळं काय हाये?”

गोल कडेवर, जिथं काळपट चीर सुरू होत होती बरोबर तिथं, मातीखालून पिवळ्या रंगाचा एक फराटा निघाला होता. ब्रशनं ओढलेला. ज्योत्स्नानं भिंग लावलं आणि मग भिंग आपटून खाली ठेवलं.

“खूण आहे ती,” ती म्हणाली. “कुणीतरी पाहिलं होतं. चीर पाहिली, तिच्यावर खूण केली. आणि तरीही गाडी सोडली.”

बेबाबाईनं त्या पिवळ्यावर बोट ठेवलं. लोखंड आपोआप तुटलं असतं तर बेबाबाईनं ते गिळलं असतं. कुणी पाहिलंच नसतं तरी गिळलं असतं. पण कुणाचा तरी डोळा यावर पडला होता, कुणाचा तरी ब्रश फिरला होता.

“चाल,” ती म्हणाली. “कुठी जायचं ते सांग.”

ज्योत्स्नानं सगळ्या बाजूंनी फोटो काढले, कॉलेजातल्या दोन सहकाऱ्यांना बोलावून दाखवले, आणि मग तुकडा पंचनाम्यासह पोलिसांच्या ताब्यात दिला. काही दिवसांनी जळगावच्या विश्रामगृहात रेल्वेची चौकशी बसली. मोठं टेबल, वर गरगरणारा पंखा, चौकशीला आलेला शांत चेहऱ्याचा, पांढऱ्या केसांचा अधिकारी. एका बाजूला तोच काळ्या चष्म्याचा साहेब, आज चष्मा खिशात. टेबलाच्या मधोमध तो तुकडा.

साहेबानं उन्हापासूनच सुरुवात केली. मग म्हणाला, लाइनीवरचा दगड उडून डिस्कला लागला असावा. ज्योत्स्नानं काळपट भाग दाखवला, निळी झाक दाखवली, दगडाचा घाव असा दिसत नाही हे सांगितलं. अधिकारी भिंगातून पाहून मान हलवत होता. मग त्यानं पिवळ्या खुणेवर पेन ठेवलं. “आणि हे?”

साहेबाची तयारी होती. “सर, ही खूण आमच्या एका फिटरनं केलेली आहे. त्यानं दोष पाहिला, पण वर कळवलंच नाही. अत्यंत गंभीर हलगर्जी. आम्ही त्याला कामावरून काढलंय. तो बाहेरच आहे, हवं तर विचारा.”

अधिकाऱ्यानं आत बोलवायला सांगण्याआधीच बेबाबाई दाराबाहेर गेली होती. बाकावर चाळिशीतला एक सडपातळ माणूस बसला होता. रतिलाल त्याचं नाव. तिनं त्याची बाही धरली आणि आत आणून उभा केला.

“पिवळी खून तू केली?”

“हो, बाई.”

“आन् मंग काय केलं? डबा खाल्ला? घरी गेला?”

रतिलालनं खाली पाहिलं. “सांगितलं होतं मी. आमच्या डब्यांच्या डेपोतल्या साहेबांना, तोंडी. ते म्हणाले, स्टोअरमध्ये नवीन डिस्क नाही, एक फेरी जाऊ दे. गाडी परत आली की पुन्हा म्हणायचे, एक फेरी. मी दरवेळी ती खूण नवीन करायचो, पुसली जायची म्हणून.”

“साफ खोटं,” साहेब म्हणाला. “काय पुरावा आहे?”

बेबाबाईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती रतिलालवरच तुटून पडली. “दरवेळी नवीन खून करायचा! अरे, हे लोखंड हाये का देवाचा दगड, शेंदूर लावून हात जोडाले? तुले माहीत व्हतं का हे तुटीन. गाडीसमोर आडवा काहून पडला नही?”

“बाई, घरी लेकरं आहेत. नोकरी गेली असती.”

“त्या गाडीत नव्हती का लेकरं? आन् गेलीच ना आता नोकरी? गप राहून काय वाचवलं तू?”

अधिकारी म्हणाला, “बाई, बसा.”

“नही बसत.” ती आता टेबलाकडे वळली. “साहेब, यानं पाप केलं ते गप राहायचं. पन सर्व्यात आधी पाहिलं कोनी? यानं. खून कोनी केली? यानं. ज्यानं पाहिलं त्याले काढलं, आन् ज्यानं पाहूनबी सोडलं त्यो कुठी हाये? त्यो काहून नही आला आज? हा चष्मेवाला माह्या ओसरीवर पानी पेऊन मले ऊन सांगून गेला. याले माहीत नव्हतं का हे पिवळं? माहीत व्हतं, म्हनून तर तुकडा मांगाले आला!”

साहेब काही बोलू लागला. अधिकाऱ्यानं हातानं त्याला थांबवलं, आणि डेपोच्या प्रमुखाला हजर करायचा हुकूम दिला. चौकशी पुढच्या पंधरवड्यावर गेली.

तोवर यशोदाबाई घरी आली. ज्योत्स्नाला रोज येणं जमेना, मावशी परत गेली, तेव्हा बेबाबाईनं कुणाला न विचारता जावेची वळकटी आपल्या ओसरीवर आणून टाकली. भाकरी कुस्करून घास भरवायची आणि वर करवादायची. “आ कर. कर म्हनते ना. मी काय तुह्यी सून हाये का, लाड कराले?” यशोदाबाई डाव्या हातानं ताट ढकलायची. तिला आता एकच शब्द येऊ लागला होता. “नही.” दूध? नही. चहा? नही. केळं? नही. बेबाबाई रागानं लाल व्हायची आणि ताट पुन्हा पुढे सारायची. दुपारी बागेतून येऊन ती चौकशीत काय काय झालं ते जावेला सांगायची, चष्मेवाल्याची नक्कल करायची, रतिलालला शिव्या घालायची. यशोदाबाई टक लावून ऐकायची.

दुसऱ्या चौकशीच्या सकाळी बेबाबाई पातळ बदलून निघाली, तर यशोदाबाई ओसरीच्या कडेला चपला घालून बसलेली. काठी हातात.

“तू कुठी?”

“मी,” यशोदाबाई म्हणाली. नवा शब्द.

“तू काय करशीन तठी? तुले बोलता येते का?”

“मी.”

बन्सीलाल मध्ये पडला, उन्हाचं नको, डॉक्टर रागावतील. यशोदाबाईनं काठी जमिनीवर आपटली. बेबाबाई नवऱ्याला म्हणाली, “पिकअप काढा. तिले पुढच्या सीटवर बसवा.”

डेपोचा प्रमुख आला होता. गुबगुबीत, अदबीनं बोलणारा. आपल्याला तोंडी काहीच कळवलं गेलं नव्हतं, डिस्कचा साठा पुरेसा होता, सगळी यंत्रणा चोख होती. तो बोलत असताना दार उघडलं आणि बेबाबाईच्या खांद्यावर भार टाकून यशोदाबाई आत आली. कुणी काही विचारायच्या आत ती टेबलापाशी गेली. डाव्या हातानं तिनं डोक्यावरचा पदर मागे ओढला. भादरलेल्या डोक्यावर खुरटे पांढरे केस, आणि कानापासून माथ्यापर्यंत टाक्यांचा लालसर चंद्रकोरी वण. तिनं प्रमुखाच्या समोर डोकं वाकवलं आणि तशीच उभी राहिली.

तो दुसरीकडे पाहू लागला.

“बघ,” यशोदाबाई म्हणाली. शब्द जाड, अडखळत निघाला, पण निघाला. तिनं टेबलावरचा तुकडा बोटानं त्याच्याकडे सरकवायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. “बघ!”

अधिकाऱ्यानं खुर्ची सोडून तिला बसायला दिली. मग त्यानं रतिलालला पुन्हा आत बोलावलं, त्याच्यासोबत काम करणाऱ्या बाकीच्या फिटरांनाही. आधीच्या जबाबात ज्यांना काहीच आठवत नव्हतं, त्यांतल्या दोघांनी यशोदाबाईकडे एकदा पाहिलं आणि त्यांना आठवलं. “एक फेरी जाऊ दे” हे शब्द त्यांनीही ऐकले होते, याच गाडीसाठी आणि इतरही गाड्यांसाठी.

पुढं जे झालं ते सगळंच बेबाबाईच्या मनासारखं नव्हतं. त्या डेपोतले सगळे डबे थांबवून तपासले तेव्हा पिवळ्या खुणेच्या चकत्या आणखीही निघाल्या, आणि त्या काढल्या गेल्या. प्रमुखावर गुन्हा दाखल झाला, त्याला जामीनही लगेच मिळाला. चष्म्याच्या साहेबाची बदली झाली, आणि ती बढतीवर झाली असं ज्योत्स्नानं फोनवर सांगितलं तेव्हा बेबाबाईनं हातातली वाटी भिंतीवर भिरकावली. रतिलालला कामावर परत घेतलं, पण दूरच्या एका डेपोत. जाण्याआधी तो पिंपळझिऱ्याला आला, यशोदाबाईच्या पाया पडला. बेबाबाईनं त्याला चहा दिला, पण बस म्हटलं नाही.

“आता खून केली का बोंबलजो,” ती त्याला म्हणाली. “सर्व्या डेपोले ऐकू गेलं पाह्यजे.”

तो गेल्यावर यशोदाबाईनं जावेकडे पाहून मान हलवली आणि अडखळत म्हणाली, “लई... बोलली.”

“बोलनारच,” बेबाबाई फणकारली. “त्या चष्मेवाल्याच्या बढतीचं काय करायचं ते सांग आधी. ज्योत्स्ना म्हनते वर अर्ज करता येते. सोमवारी जायचं का जळगावले?”

यशोदाबाईनं काठी ओढून जवळ घेतली.